व्हॅनमध्ये राहताना भित्र्या लहान कुत्रीला कसं शिकवायचं?

तुमची पॉमेरेनियन दीड वर्षाची, ४ किलोची. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलतो. ट्रकच्या हॉर्नला आणि भटक्या कुत्र्यांना ती घाबरते, व्हॅनमध्ये एकटी ठेवली की रडते. माझ्या मते पहिला उपाय प्रवास थांबवण्याचा आहे: किमान आठ-दहा दिवस एकाच शांत ठिकाणी राहा. रोज नवा वास, नवे आवाज असताना शिकवलेलं टिकत नाही.

त्या दिवसांत फक्त गोधडीवर येऊन आडवं व्हायला शिकवा. जुन्या साडीची, दीड बाय दोन फुटांची पुरे. पुढे जागा बदलत राहणार, पण हा तुकडा तोच राहणार, म्हणून मुक्काम हलवायच्या आधी गोधडी धुऊ नका. तिचा स्वतःचा वासच तिला धीर देतो. व्हॅनचं दार लावून गोधडी अंथरा. तिने पाय ठेवला की खाऊ तिच्या पुढच्या पायांमध्ये ठेवा. हातातून भरवलात तर ती तुमच्या हाताकडेच बघत बसेल. ३ मिनिटं, दिवसातून चारदा, आणि झालं की गोधडी गुंडाळून ठेवायची. अंथरताक्षणी ती आपणहून येऊन आडवी होऊ लागली की गोधडी दाराशी आणा, मग बाहेर दोन पावलांवर, मग झाडाखाली.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. एवढ्या वजनाला दिवसाला १५-२० ग्रॅम पुरे. जास्त लागलं तर तिच्या रोजच्या कोरड्या डॉग फूडचे दाणे वापरा.

हॉर्नची भीती घालवायला ढाब्याच्या आवारात ट्रकांपासून सगळ्यात लांबचा कोपरा निवडा. आवाजाने कान हलले, पण ती खाते आहे, तर अंतर बरोबर. खाऊ नाकारला, शेपूट पोटाशी गेली, ओठ चाटू लागली किंवा सारख्या जांभया देऊ लागली, तर अंतर वाढवा. इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी हॉर्न, मग लगेच खाऊ. उलटं झालं तर चिकन दिसलं की आता काहीतरी वाईट होणार, एवढंच ती शिकते. आणि ती गप्प, ताठ बसली म्हणजे शांत झाली असं समजू नका. बऱ्याचदा ती भीतीने गोठलेली असते. मोठा धसका बसला तर दुसरा दिवस पूर्ण आरामाचा ठेवा.

घाबरलेली असताना जवळ घेतलं तर भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. ती अंगाशी आली तर खुशाल घ्या. ओरडणं, झटका देणारे पट्टे मात्र भीती नक्की वाढवतात.

भटकी कुत्री असतील तिथे तिला गळ्यातला पट्टा नको, हार्नेस म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा घाला. या जातीची श्वासनलिका नाजूक असते, ओढीने दुखावते. दोरी साधी, २ मीटरची. आपोआप गुंडाळणारी नको, ऐन वेळी ती आखडता येत नाही. नव्या जागी पोहोचल्यावर आधी तिच्याशिवाय दहा मिनिटं फिरून या, कुठल्या कोपऱ्यावर कुत्री बसतात ते कळतं. ‘मागे’ म्हटलं की वळायचं आणि खाऊ, हे शांत ठिकाणी रोज दहा वेळा घोटा. ‘वर’ म्हणून उचलून घेण्याचीही अशीच सवय करा, नाहीतर तुम्ही खसकन उचललं की तीच तिच्यासाठी धोक्याची खूण होते. कुत्री जवळ येऊ लागली तर मधे उभं राहा, मूठभर कोरडे दाणे त्यांच्या दिशेने फेका आणि चालत निघा, पळू नका. तिला चावा बसलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि जुनं रेबीजचं इंजेक्शन झालेलं असलं तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

एकटं राहणं सेकंदांत शिकवायचं: ५, १०, मग ३, मग २०. दर वेळी वाढवत नेलंत तर तिच्या ते लक्षात येतं. फोनचा कॅमेरा लावून बाहेरून बघा आणि रडू फुटायच्या आधी परत या. हे सकाळी गारव्यात, सावलीत, दाराशी उभं राहूनच करा. बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते, काचा थोड्या उघड्या ठेवून विशेष फरक पडत नाही, आणि हिच्या अंगावर दाट केस आहेत.

चालत्या गाडीत लाळ गळत असेल तर ती भीती नसून मळमळ असू शकते. निघण्याआधी ३-४ तास खायला देऊ नका, पाणी द्या, आणि डॉक्टरांना मळमळीचं औषध विचारा. आठ-दहा दिवस मुक्काम करूनही ती बाहेर एक घाससुद्धा घेत नसेल, तर भीतीवरच्या औषधाबद्दलही त्यांच्याशीच बोला. माणसांची झोपेची गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.