मंदिरातल्या गवयांचा शिधा

प्रश्न : मी आमच्या चर्चमध्ये तबला वाजवतो. नाताळच्या तालमींना निदान रिक्षाभाडं तरी द्या, असं मी म्हणालो. त्यावर उत्तर मिळालं, 'दाविदाच्या काळी लोक देवासाठी फुकट वाजवत.' हे खरं आहे का? आणि तिथे बायका गात होत्या का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : फुकट? कोणी सांगितलं? मी स्वतः पेटी वाजवणारी, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेलच. पण इथे पवित्र शास्त्रच तुमच्या बाजूचं आहे.

यरुशलेमच्या मंदिरात गाणं-वाजवणं हे लेवी वंशातल्या, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या इस्राएली वंशातल्या, ठरावीक घराण्यांचं काम होतं. आसाफ, हेमान आणि यदूथून ही तिघं मूळ पुरुष. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या ग्रंथाच्या 25व्या अध्यायात त्यांच्या वंशातले 288 तरबेज गवई मोजले आहेत. त्यांच्या प्रत्येकी 12 जणांच्या 24 तुकड्या. पाळी ठरायची चिठ्ठ्या टाकून, आणि त्यात गुरू-शिष्य असा भेद नव्हता. 9व्या अध्यायात तर स्वच्छ लिहिलंय : गवई मंदिराच्या खोल्यांतच राहत, दुसऱ्या कामातून त्यांना मोकळीक होती, कारण त्यांचं काम रात्रंदिवस चालायचं. हा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे यहुद्यांना बाबेलला धरून नेलं होतं त्यानंतर, लिहिला गेला. त्यामुळे दाविदाच्या नावावर आलेली ही व्यवस्था बरीचशी दुसऱ्या, म्हणजे बंदिवासातून परतल्यावर बांधलेल्या मंदिरातली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. दाविदाच्या काळी मंदिर उभंच कुठे होतं?

लेव्यांना इतर वंशांसारखा वतनाचा मुलूख नव्हता. लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा देत, त्या दशमांशावर त्यांचं पोट. बंदिवासानंतर इराणच्या राजाने यरुशलेमवर नेमलेला सुभेदार नहेम्या, त्याच्या काळात गवयांचा रोजचा शिधा राजाज्ञेने बांधून दिलेला होता. पुढे नहेम्या त्या राजाकडे परत गेला आणि मागे लोकांनी हात आखडला. मग गवयांनी काय केलं? वाद्यं ठेवली आणि आपापल्या शेताकडे गेले! परत आल्यावर नहेम्याने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. झाडलं ते अधिकाऱ्यांना : देवाचं मंदिर असं का टाकून दिलं? मग गवयांना गोळा करून पुन्हा जागेवर उभं केलं. नहेम्या, अध्याय 13, वचनं 10 आणि 11. पुढच्या सभेला जाताना खूण घालून न्या.

काम तरी किती काटेकोर! मिश्ना या यहुदी ग्रंथात दुसऱ्या मंदिराचे तपशील आहेत. गवयांच्या चौथऱ्यावर किमान 12 लेवी हवेत. किन्नोर ही लहान वीणा नऊपेक्षा कमी नको, वर कितीही चालतील. झांज मात्र एकच. सकाळच्या होमार्पणात याजक, म्हणजे पुरोहित, द्राक्षारस ओतायला वाकला की निशाण हलायचं, झांजवाला बेन अर्झा झांज वाजवायचा आणि त्या वाराचं स्तोत्र सुरू व्हायचं. रविवारी 24वं, शब्बाथला म्हणजे शनिवारी 92वं. मध्ये थांबले की याजक कर्णे फुंकत आणि लोक दंडवत घालत. कर्णे याजकांचे, तारा लेव्यांच्या. त्यात अदलाबदल नाही. लेव्यांची पोरं खाली जमिनीवर उभी राहून गात, गाण्याला गोडी यावी म्हणून. ह्युग्रोस नावाच्या एका गवयाने आपली खास गायकी कुणाला शिकवली नाही, म्हणून मिश्नाने त्याचं नाव निंदेने नोंदवलंय. (असे आपल्याकडेही आहेत.)

आणि गवई मागायलाही लाजत नसत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांनी दुसऱ्या अग्रिप्पा राजाकडे याजकांसारखा लिननचा झगा मागितला आणि मिळवला. इतिहासकार जोसेफस स्वतः याजककुळातला. त्याला ते मुळीच रुचलं नाही. पुढे थोड्याच वर्षांत, 70 साली, रोमनांनी मंदिर जाळलं.

आता बायकांचं. बायबलमधला एज्राचा ग्रंथ बंदिवासातून परतलेल्यांची गणती देतो, तीत 200 गायक-गायिका आहेत. पण त्यांची नोंद दासदासींच्या लगेच पुढे येते. आसाफाचे 128 वंशज आधीच वेगळे मोजले आहेत. म्हणजे या बहुधा श्रीमंतांच्या घरी गाणाऱ्या. मंदिराच्या चौथऱ्यावर बाई उभी राहिल्याचा उल्लेख मिश्नात नाही. मोशेची बहीण मिर्याम हिने डफ घेऊन समुद्रकाठी गाणं म्हटलं, ते मंदिराच्या कितीतरी आधी, आणि तिथे पाळ्या लावणारं कुणी नव्हतं.