कोरा कागद समोर आला की हात आखडतो. चित्रकलेत आत्मविश्वास कसा आणावा?

जलरंगासाठीचा 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, महागडा ताव समोर असला की 'वाया जाईल' या धास्तीनेच हात आखडतो. सरळ फाडा आणि पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. विषय एकच घ्या, खिडकीतली कुंडी म्हणा, आणि तीच पुन्हा पुन्हा काढा. चार-पाच चित्रांनंतर बाह्यरेषेची काळजी सुटते, सावली दिसायला लागते. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. म्हणून उजेड कुठे राखायचा ते रंग लावण्याआधीच ठरवा. अर्धवट वाळलेल्या वॉशवर (पातळ रंगाच्या थरावर) ब्रश घोटत बसू नका, चिखल होतो. निम्मी भीती इथेच जाते.

रोज इन्स्टावर टाकलंच पाहिजे, असं मुळीच नाही. अमूर्त चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम 5-6 कॅनव्हास पूर्ण करत! लाइक्स मोजत बसलात तर लोकांना आवडतं तेच काढत राहाल. मत हवंच असेल तर जाणत्या माणसाला दहा-बारा चित्रं एकदम दाखवा. एका चित्रावरून कोणालाच काही सांगता येत नाही. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीला चक्कर मारा, प्रवेश फुकट असतो. चित्राच्या जवळ जाऊन ब्रशचे फटकारे बघा, दुरुस्त्याही दिसतील.