पोलो, पुंटो, एन लाइन की रेसर? रोज चालवायची आहे म्हणून सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, रविवारी सकाळी एखादा घाट, ऑन-रोड अकरा लाखांपर्यंत तयारी, आई-बाबांसाठी घरी वॅगन-आर आहेच. यादीत चार नावं: फोक्सवॅगनची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे तिचं टर्बो पेट्रोल इंजिन), फियाटची सेकंडहँड अबार्थ पुंटो, ह्युंदाईची नवी आय-२० एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोज रेसर. आणि विचारलंय की यातली सगळ्यात फास्ट कोणती.

फास्टचा निकाल एका ओळीत लागतो: अबार्थ. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १४५ बीएचपी, ओढ म्हणजे टॉर्क २१२ एनएम. बाकीच्या तिघी १०५-१२० पीएसच्या घरातल्या (पीएस आणि बीएचपी जवळपास सारखेच). पण ही ताकद खर्च कुठे करणार? एक्सप्रेसवेवर कारला मर्यादा १०० ची, घाटात त्याहून कमी, आणि आता कॅमेरे चलान थेट मोबाइलवर पाठवतात. शून्य ते शंभर नऊ सेकंदांत की अकरा सेकंदांत, हा वाद गणपतीत मित्रांच्या घोळक्यात घालायला ठीक आहे. तुमची खरी मजा तीस ते ऐंशीच्या पट्ट्यात आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये. त्या पट्ट्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, किती लवकर जागा होतो, क्लच डाव्या पायाला किती छळतो, वळणात स्टिअरिंग हाताला काही सांगतं का आणि खड्ड्यातून गेल्यावर गाडी लगेच सावरते का, एवढंच मी बघतो.

अबार्थपासून सुरू करतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात ती ९.९५ लाखांना, दिल्ली एक्स-शोरूम, आली तेव्हा त्या पैशांत चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १४५ घोडे देणारं दुसरं कोणी नव्हतं. हायड्रॉलिक स्टिअरिंग म्हणजे काय चीज असते ते कळायला ही गाडी ताम्हिणीत एकदा चालवावी. मुळशी सोडून चढ लागला, तिसऱ्यात २५०० च्या वर काटा गेला, की ती जी ओढते ती ओढ बाकीच्या तिघींत नाही. रस्त्यावरची खडी, पॅच, पाणी सगळं तळहाताला कळतं.

आता हीच गाडी सोमवारी सकाळी नऊ वाजता वाकडच्या पुलाखाली आणा. २००० च्या खाली इंजिन झोपलेलं, क्लच जड, पहिला-दुसरा-पहिला-दुसरा. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी, म्हणजे सोसायटीतल्या नियमबाह्य स्पीडब्रेकरवर तिरकी घालायची सवय लावून घ्या. त्यात फियाटने इथला गाड्यांचा धंदा कधीच गुंडाळला. फियाटच्याच १.३ मल्टिजेट डिझेलचे भाग वर्षानुवर्षं बाजारात सापडतील, कारण ते इंजिन अर्ध्या देशाने वापरलं. टी-जेटचं तसं नाही. बंपर, हेडलाइट, टर्बोकडचे पाइप यांसाठी फियाटवेड्या लोकांच्या ओळखी लागतात. पुण्यात असे मेकॅनिक अजून आहेत, पण तुम्ही लिहिलंय की शनिवार गॅरेजमध्ये घालवायचा नाही. मग अबार्थ तुमची नव्हे. दुसऱ्या कोणाची असेल तर चावी मागून घ्या आणि टाकी फुल करून परत द्या.

एक गंमत बघा. चारपैकी तिघी आपल्याच जिल्ह्यातल्या: पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची, अल्ट्रोज पिंपरीची. आय-२० तेवढी चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरहून येते. आणि अबार्थ सोडून बाकीची इंजिनं १.० नाहीतर १.२ लिटरची का, याचं उत्तर करात आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच छोट्या गाडीचा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याआधी सेससकट २९ होता. अबार्थचं इंजिन या रेषेच्या पलीकडचं, म्हणून तिच्यावर कर जास्त बसायचा. कंपन्यांनी मग लहान इंजिनाला टर्बो लावून हौस भागवली. वर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के रोड टॅक्स आहे, दहाच्या वर १२. एक्स-शोरूम दहाच्या आत राहिलात तर बरं, तेव्हा मॉडेल निवडताना ही रेघ लक्षात असू द्या.

अल्ट्रोज रेसरबद्दल फार लिहीत नाही. जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून आली; १२० पीएस, १७० एनएम, सहा गियर. पैशाच्या मानाने सामान भरपूर, आणि खराब रस्त्यावर चौघींत सगळ्यात निवांत. अल्ट्रोजच्या बॉडीला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले होते, तेही जमेला धरा. पण गियर टाकताना जो खटका लागायला हवा तो नाही, आणि इंजिन वर चढवत नेलं की उत्साहापेक्षा आवाज जास्त येतो. नावात रेसर आहे, गाडी मात्र कोल्हापूरला जेवून संध्याकाळी परत येण्याची आहे. ज्याला तेच हवं त्याने जरूर घ्यावी. शोरूमला आधी फोन करून मिळतेय का ते विचारा, अशा आवृत्त्या यादीतून कधी गायब होतील त्याचा नेम नसतो.

एन लाइनचं प्रकरण वेगळं. २०२१ मध्ये आली तेव्हा मॅन्युअलच्या नावाखाली आयएमटी होती, म्हणजे गियरचा दांडा आहे पण क्लचचं पेडल नाही. हौसेने गाडी चालवणाऱ्याला ते अर्धवट लग्न वाटायचं. सप्टेंबर २०२३ च्या नव्या रूपात खरा सहा गियरचा मॅन्युअल आला आणि गाडी मार्गाला लागली. एक लिटर, तीन सिलिंडर, १२० पीएस, १७२ एनएम, आणि तो टॉर्क १५०० आरपीएमपासून हाताशी. हिंजवडीच्या रांगेत दुसऱ्या गियरमध्ये सरकत राहता येतं, क्लच हलका, चारही चाकांना डिस्क, सहा एअरबॅग. साध्या आय-२० पेक्षा सस्पेन्शन कडक केलंय आणि एक्झॉस्टला थोडा घसा दिलाय. मागे तीन माणसं खरोखर बसतात. घरात एकच गाडी असती तर पुढे काही न लिहिता एन लाइन मॅन्युअल घ्या म्हणालो असतो. उणीव एकच: ती हुशार विद्यार्थ्यासारखी सगळं बरोबर करते, पण वळणावर स्टिअरिंग फारसं बोलत नाही.

तुमच्याकडे वॅगन-आर आहे. म्हणून मी पोलोकडे बोट दाखवतो. पण तुम्ही लिहिलीय ती पोलो नव्हे.

जीटी टीएसआय म्हणून २०१३ पासून जी विकली गेली ती १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ पीएस, आणि सात गियरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर तो गियरबॉक्स म्हणजे सुख. पण आतले दोन्ही क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत तो सतत हाफ क्लचवर राहतो आणि तापतो. त्याचं मेकॅट्रॉनिक्स युनिट, म्हणजे गियर बदलणारा मेंदू, गेलं तर खर्चाचा आकडा लाखांत बोलला जातो. आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत, वॉरंटी संपलेली असताना, हिंजवडीच्या वाटेवर ही जोखीम मी कोणालाच घ्यायला सांगणार नाही.

२०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि इंजिन बदललं: १.० टीएसआय, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ एनएम. ऑटोमॅटिकही बदलला, डीएसजी जाऊन साधा, तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आला. जीटीचा बिल्ला या ऑटोमॅटिकला मिळाला. सहा गियरचा मॅन्युअल हवा असेल तर हायलाइन प्लस टीएसआय शोधायची, आणि पाठीवर जीटी लिहिलेलं नाही म्हणून नाक मुरडायचं नाही. हीच ती गाडी. २०२० ते २०२२ एवढाच तिचा काळ, नंतर पोलो बंद झाली. दार लावल्यावरचा आवाज, खाली बसवता येणारी सीट, आणि बोपदेव घाटात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जो नेमका खटका बसतो, त्यासाठी लोक अजून ती शोधत फिरतात. भावही त्यामुळे पडत नाही, पण तुम्ही विकताना तोच फायदा तुम्हाला होईल.

तिची दुखणीही ऐका. मागे गुडघ्यांना जागा नाही. एअरबॅग दोनच. १५०० च्या खाली इंजिन रडतं, म्हणून चढावर गियर खाली टाकायचा आळस चालत नाही. शिवाय ही गाडी ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या आधीची. त्यासाठी लागणारे रबर, सील वगैरे बदल एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. फ्युएल लाइन प्रत्येक सर्व्हिसला बघायला सांगा.

बजेट आणखी कमी झालं तर मारुतीची बलेनो आरएस किंवा टाटाची टियागो जेटीपी या टर्बोवाल्या आवृत्त्या सेकंडहँड बघा. बलेनो आरएस जेमतेम ९५० किलोची, त्यामुळे १०२ पीएस कागदावर वाटतात त्याहून जास्त वाटतात. दोन्ही थोड्याच विकल्या गेल्या, मिळाली तर नशीब. आणि कोणी टू-सीटरची हौस काढलीच तर त्याला आठवण करून द्या की गोव्यात वेर्ण्याला सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची फायबर बॉडीची गाडी बनायची, इंजिन रेनोचं १.२ लिटर. दिसायला झकास. पावसाळ्यात रोज ऑफिसला न्यायची कल्पना करा म्हणावं.

पोलो बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवा, गार असायला हवं. थंड इंजिनच खरं बोलतं. मग रिमॅपची, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलाची तपासणी, कारण बऱ्याच टीएसआयवर कोणीतरी लॅपटॉप लावून ताकद वाढवलेली असते आणि विकताना फाइल पूर्ववत करून दिलेली असते. फाइल पुसता येते, झिजलेला क्लच लपवता येत नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये पन्नासला या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. तिथेच भाव पाडा किंवा घरी या.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५२१ असेल तर टायर २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. चारही मूळचेच असतील तर नवा सेट भावातून वजा करून घ्या आणि मूळ मापाचाच बसवा. रुंद टायर चढवून स्टिअरिंग मठ्ठ करणारे खूप आहेत. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत हातात पडेपर्यंत टोकनच्या पलीकडे एक रुपया देऊ नका. पासिंग एमएच-१२ किंवा १४ चं असेल तर ट्रान्सफरला आरटीओच्या खेपा कमी पडतील.