अलाइनमेंट बार हातानेच आत जायला हवा

बोटीचं स्टर्नड्राइव्ह इंजिन परत बसवलंत, छान. पण लगेच ड्राइव्ह (बोटीच्या मागे बाहेर असणारा, पंखा फिरवणारा भाग) चढवू नका. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का, ते तपासायचा लांब दांडा म्हणजे अलाइनमेंट बार. त्याच्या टोकाला ग्रीस फासा आणि तो गिंबल बेअरिंगमधून (ड्राइव्हचा शाफ्ट हिच्यातूनच जातो) इंजिनाच्या कपलरपर्यंत, म्हणजे शाफ्ट अडकतो त्या खाचांच्या भागापर्यंत, सरकवा. दोन बोटांनी अलगद आत-बाहेर झाला पाहिजे. हातोडीने आत घालावासा वाटला, तर अलाइनमेंट चुकलंय असंच समजा.

अडलाच, तर आधी बेअरिंग तिरकी नाही ना ते बघा. बारच्या बाहेरच्या टोकाला चहूबाजूंनी हलके ठोके दिले की ती सरळ होते. (हातोडीचं काम काय ते एवढंच, तीही रबरी!) मग बार काढून ग्रीसवरचे खाचांचे ठसे पाहा. ते सगळीकडून सारखे हवेत. नसतील तर पुढच्या माउंटचे (इंजिन ज्यांवर टेकतं त्या आधारांचे) नट थोडे थोडे फिरवा, दोन्ही बाजूंचे सारखेच. बहुतेक इंजिनांत मागचे माउंट हलत नाहीत, सगळा खेळ पुढच्यांचा.

आता क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ९० अंश फिरवून पुन्हा तपासा. हे मी एकदा टाळलं होतं. कपलरच्या खाचा झिजल्या आणि इंजिन परत बाहेर काढावं लागलं.

माउंटचे लॉकनट आवळल्यावर बार पुन्हा एकदा घाला. आवळताना इंजिन जागचं हलतं.