जुन्या अॅम्बॅसेडरची पेडल बदलताना

प्रश्न : आमच्या जुन्या अॅम्बॅसेडरची पेडल फ्लोअरमधून वर येतात आणि मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) फ्लोअरखालीच आहे. त्याऐवजी नव्या गाडीचा वरून लटकणारा पेडल संच बसवावा काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बसवता येतो, आणि ब्रॅकेट तयार करून देणारे कारागीर उद्यमनगरात सापडतीलही, परंतु खरी अडचण ब्रॅकेटची नसून गुणोत्तराची आहे. पेडल ज्यावर फिरते त्या पिनपासून पाऊल टेकते तिथपर्यंतचे अंतर आणि पिनपासून पुशरॉडपर्यंतचे (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यापर्यंतचे) अंतर यांचे प्रमाण बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) नसलेल्या ब्रेकसाठी साधारण ६:१, तर बूस्टर असलेल्यासाठी ४:१ च्या आसपास असते. म्हणून नव्या गाडीचे पेडल बूस्टरविना जोडल्यास ते दगडासारखे कठीण लागते.

पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक ठेवणे अत्यावश्यक आहे. ती नसल्यास ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात. नवा संच जिथे बसतो त्या फायरवॉलचा, म्हणजे इंजिन व केबिन यांच्यामधल्या भिंतीचा, पत्राही मागून जाड प्लेट लावून मजबूत करावा. एकाने पेडल जोरात दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पत्रा वाकतो का ते पाहावे.

केवळ पेडल जड लागते एवढीच तक्रार असेल, तर आमच्या मते आधी पिन, बुश व होज (ब्रेक ऑइलचे रबरी नळे) तपासावेत. बहुधा तेवढ्यावर भागते. बदल केलाच, तर आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर चाचणी घ्यावी आणि पन्हाळ्याचा घाट नंतर चढावा.