टाचणीचं गोत्र

भुसावळहून विचारणा आहे: भरीत पार्टीच्या निमंत्रणात स्थळापुढे 📌 टाकलं, तर मित्राने चूक काढली. बरोबर कोणतं? आणि या चित्राला मराठीत पिन म्हणायचं की टाचणी?

मित्राचं बरोबर आहे. 📌 म्हणजे बोर्डावर कागद अडकवायची बोर्डपिन. 'हे विसरू नका' म्हणायचं तिथे ती. गोल डोक्याची 📍 नकाशात टोचायची, म्हणून जागा दाखवायला ती वापरा. दोघीही २०१० साली एकदमच युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-चिन्हांच्या जागतिक यादीत आल्या, शेजारशेजारचे क्रमांक घेऊन, त्यामुळे बोट घसरतं. तेवढं माफ.

माफ नाही ते हे: '📌 पिन ४२५२०१'. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे हेच. अहो, पिनकोडातल्या पिनला टोक नाही! पोस्टल इंडेक्स नंबर या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टात अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. त्यांच्या सहा आकड्यांना टाचणी टोचू नका.

आता टाचणी. हा शब्द काय घराण्याचा आहे, कुणी बघतच नाही. शिंपी कापड पक्कं शिवण्याआधी टाचून घेतो. शिक्षक पाठ टाचण काढतात, म्हणजे मुद्दे सुटून जाऊ नयेत म्हणून कागदावर टाचलेले. आणि कर्ज थकलं की मालमत्तेवर येते ती टाच! माझ्या मते ही तिन्ही एकाच कुळातली, अर्थ एकच: आहे तिथे अडकवून ठेवणं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'टकि बन्धने' आहे, म्हणजे 'टकि' हा बांधण्याचा धातू; त्यातूनच आपला टाका आला. टाचणं त्याचंच भावंड, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय.

यावर काही विद्वान पायाची टाच पुढे करतात. म्हणे, टाचेखाली दाबलं म्हणून टाच आणली. मग टाचणी कोणत्या पायाची? पाठ टाचण कोणत्या पायाचं? आणि जप्तीत माल तुडवतात कुठे? तो विकू देत नाहीत, हलवू देत नाहीत, जागच्या जागी खिळवतात. इंग्रजीत बघा: कोर्टाची जप्ती ती अटॅचमेंट, आणि मेलला 📎 लावून जोडलेली फाइल तीही अटॅचमेंटच. दोन भाषांना एकच गोष्ट सुचली आणि आपले पंडित अजून टाचा घासताहेत. शब्दकोश उघडायचे कष्ट नकोत, दिसला अवयव की जोडली व्युत्पत्ती.

हो, नावाचं राहिलंच. टाचणी म्हणजे सरळ, बारीक, कागदाला कागद जोडणारी. जाड मुठीच्या 📌 ला दुकानात बोर्डपिनच मागतात, तेच म्हणा. निमंत्रणात स्थळापुढे 📍 टाका, पिनकोडापुढे काहीच नको. आणि पार्टीचं शेत यावल रोडला असेल तर नकाशाची लिंकही द्या, नाहीतर रात्री दहाला फोन येतील: 'भाऊ, शेत कोठे शे?'