उबुंटू आणि फेडोरा दोन्हीकडे पॅकेज सांभाळणारं एकच टूल आहे का?

ऑफिसात उबुंटू, घरी फेडोरा, म्हणजे लिनक्सच्या दोन वेगळ्या डिस्ट्रो (तयार आवृत्त्या). त्यात वरून फ्लॅटपॅक आणि स्नॅप, म्हणजे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारे पॅकेजांचे (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या पुड्यांचे) दोन प्रकार. चार प्रकारच्या कमांड पाठ करून वैतागलात आणि सगळ्यांना मिळून एकच टूल हवंय, असं तुम्ही विचारलंय. तसं टूल आहे, पण त्यानं तुमचा वैताग अर्धाच कमी होईल.

त्याचं नाव पॅकेजकिट. रिचर्ड ह्यूज यांनी 2007 मध्ये ते सुरू केलं. ते स्वतः काही इन्स्टॉल करत नाही, फक्त मध्यस्थी करतं. पीकेकॉन ही त्याची कमांड. टर्मिनलवर 'पीकेकॉन इन्स्टॉल इंकस्केप' असं दिलंत, की ते काम उबुंटूवर तिथल्या पॅकेज टूलकडे, एपीटीकडे जातं आणि फेडोरावर तिथल्या डीएनएफकडे. नोम आणि केडीई या डेस्कटॉपांची अनुक्रमे नोम सॉफ्टवेअर आणि डिस्कव्हर ही खिडकीतली अॅपची दुकानंही डिस्ट्रोच्या पॅकेजांसाठी बहुतेक ठिकाणी यालाच कामाला लावतात. फ्लॅटपॅक आणि स्नॅपसाठी मात्र या दुकानांत वेगळे प्लगिन असतात. म्हणजे तुम्हाला हवी असलेली एकी पॅकेजकिटमध्ये नाही, ती त्याच्या वरच्या दुकानात आहे.

अर्धा वैताग उरतो तो नावांमुळे. कमांड एक झाली तरी पॅकेजांची नावं एक होत नाहीत. अपाची वेब सर्व्हर फेडोरावर 'एचटीटीपीडी' आणि उबुंटूवर 'अपाची2'. प्रोग्रॅम कंपाइल करायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या हेडर फाइली हव्या असतील तर उबुंटूवर 'लिबएसएसएल-डेव्ह', फेडोरावर 'ओपनएसएसएल-डेव्हेल'. उबुंटूत एपीटीच्या खाली चालणारं डीपीकेजी 1994 चं, फेडोरात डीएनएफच्या खालचं आरपीएम 1995 चं; दोन्ही घराण्यांनी एकच सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीनं कापून पुड्या बांधल्या. दोन्ही मशीनवर चालेल अशी सेटअप स्क्रिप्ट लिहायचा हट्ट मीही एकदा केला होता. शेवटी त्यात इन्स्टॉलच्या ओळी कमी आणि इफ-एल्सच जास्त झाले.

एकत्र दुकानाची दुसरी गंमत मामेभावाच्या लॅपटॉपवर पाहिली. "दादा, फायरफॉक्समधले सगळे बुकमार्क गेले," म्हणून त्याचा रात्री फोन. गेले कुठेच नव्हते. उबुंटू 22.04 पासून एपीटीनं फायरफॉक्स मागितला तरी हातात स्नॅपच पडतो, आणि यानं दुकानातून आणखी एक घेतला होता, तो फ्लॅटपॅकचा. एकाचं प्रोफाइल होम फोल्डरमधल्या 'स्नॅप' फोल्डरात, दुसऱ्याचं '.व्हार' या लपलेल्या फोल्डरात. मेन्यूत मात्र दोन अगदी सारखे कोल्हे शेजारी शेजारी! दुकानात अॅपच्या पानावर सोर्स निवडायची सोय असते, ती इन्स्टॉल करण्याआधी बघायची सवय लावा.

अजून एक: एपीटी चालवल्यावर कधी 'कुड नॉट गेट लॉक' असं आलं आणि प्रोसेसचं नाव 'पॅकेजकिटडी' दिसलं, तर दुकान मागे अपडेट तपासतंय आणि तोवर दुसऱ्या कुणी मध्ये येऊ नये म्हणून कुलूप लावलंय, एवढाच त्याचा अर्थ. चहा घेऊन या. लॉकची फाइल उडवायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळेल, तो ऐकू नका. डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं तर निस्तरायला संध्याकाळ जाते.

तुमच्या जागी मी असतो तर रोजची अॅप दोन्ही मशीनवर फ्लॅटहबवरून, म्हणजे फ्लॅटपॅक अॅपच्या ऑनलाइन भांडारातून घेतली असती, कारण तिथं नावही एक आणि कमांडही एक. सर्व्हर, लायब्ररी, कंपायलर यांच्यासाठी सरळ एपीटी आणि डीएनएफ. दोन्हींचे इन्स्टॉल, रिमूव्ह, सर्च हे शब्द तसेही सारखेच आहेत. फक्त अपडेट एका फटक्यात हवे असतील तर 'टॉपग्रेड' हे टूल बघा. मशीनवर जी जी पॅकेज टूल सापडतील त्यांना ते ओळीनं हाक मारतं.

आणि आजच ऑफिसच्या मशीनवर 'स्नॅप लिस्ट' आणि 'फ्लॅटपॅक लिस्ट' चालवा. एकच नाव दोन्हीकडे दिसलं तर त्यातलं एक काढा, पण त्याआधी बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा.